हाकेला धावणारी मूर्ती

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होड्या पाण्यात लोटायच्या, ही आम्हा रत्नागिरीकरांची रीत. चिनी शिल्पकलेकडे मी वळलो तो याच रीतीच्या वाटेने. ज्याचे पोट समुद्रावर, त्याला हाकेला धावणारा देव लागतो.

औरंगाबादच्या सातव्या लेण्यात सहाव्या शतकातला अवलोकितेश्वर बोधिसत्त्व उभा आहे. त्याच्या दोन्ही अंगांना आग, चोर, बेडी, सिंह, साप, हत्ती अशी आठ संकटे कोरली आहेत. त्यांतच एक बुडते तारू आहे. कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यातही हाच विषय आहे. कान्हेरीच्या दात्यांत सोपारा-कल्याणचे व्यापारी होते, हे तिथले शिलालेखच सांगतात.

चीनमध्ये त्याआधीही मूर्ती कामासाठीच घडत. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात सम्राट छिन शी ह्वांगच्या थडग्याजवळ मातीचे हजारो सैनिक पुरले गेले. ते कुणी पाहावेत म्हणून नव्हते. मेलेल्या राजाच्या पहाऱ्यासाठी होते. बौद्ध धर्म आला आणि मूर्ती जिवंतांच्याही कामाला आली. कुमारजीवाने ४०६मध्ये सद्धर्मपुंडरीक सूत्राचे चिनी भाषांतर केले. त्यात अवलोकितेश्वराचे नाव घेणारा समुद्रातूनही तरतो, असे आश्वासन आहे. पुढे काही वर्षांतच फाहियान सिंहलद्वीपाहून जहाजाने परतताना वादळात सापडला. तेव्हा आपण याच बोधिसत्त्वाचा धावा केला, असे त्याने लिहून ठेवले आहे. चिनी लोक त्याला क्वानयिन म्हणतात.

लुंगमेनच्या डोंगरात एक लाखाहून अधिक मूर्ती आणि सुमारे २,८०० लेख आहेत. मूर्ती कुणासाठी घडवली, हे त्यांतले कितीतरी लेख सांगतात: मृत आईवडिलांसाठी, सम्राटासाठी, सर्व प्राणिमात्रांसाठी. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातल्या बुद्धभद्राच्या लेखातही मृत मित्राचे आणि मातापित्यांचे स्मरण आहे.

सुंग काळापासून क्वानयिन हळूहळू स्त्रीरूपात दिसू लागली. निंगपोजवळचे फुथो बेट हे तिचे क्षेत्र. तिथे दर्यावर्दी येत.

लुंगमेनच्या पिनयांग लेण्यातले राजा-राणीच्या मिरवणुकीचे शिल्पपट १९३०च्या दशकात फोडून नेले गेले. आज ते अमेरिकेतल्या दोन संग्रहालयांत आहेत. तिथे त्यांची रेषा दिसते, पण ती मिरवणूक ज्या बुद्धाकडे निघाली होती, तो डोंगरातच राहिला. मूर्ती पाहताना म्हणूनच मी आधी विचारतो: ही कुणाच्या कोणत्या गरजेला उभी राहिली? सातव्या लेण्यातल्या त्या तारवातली माणसे याचे उत्तर हात जोडून देतात.