पॉवरच्या बाटलीने ग्रास कटर पळतो का?



हळवं भात कापणीला आलंय. कोपऱ्यात पडलेले ग्रास कटर, पंप, मळणीची इंजिनं आता बाहेर निघतील. याच दिवसांत हमखास विचारणा होते, "दोरी ओढून हात भरून आला, पेट्रोलमध्ये टाकायची ती पॉवरची बाटली घेऊ का?"

घेऊ नका. का, ते सांगतो.

राब भाजतो तेव्हा आपण एका बाजूने पेटवतो आणि आग सरकत दुसऱ्या टोकाला जाते. पेट्रोल इंजिनात तसंच होतं. प्लग ठिणगी टाकतो, तिथून ज्योत पुढे सरकते. शांत हवेत ही ज्योत सेकंदाला साधारण 40 सेंटीमीटर जाते, जेमतेम हातभर. इंजिनात हवेची घुसळण असते म्हणून ती कित्येक पटीने धावते. आता समजा, आग पोचायच्या आधीच राबाचं दुसरं टोक आपोआप भडकलं तर? इंजिनात असं झालं की टकटक आवाज येतो आणि पिस्टनला मार बसतो. असं आपोआप न पेटण्याची पेट्रोलची ताकद म्हणजे ऑक्टेन.

1921 साली अमेरिकेत थॉमस मिजली यांना सापडलं की पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग घातलं की ही टकटक थांबते. लिटरला एक मिलिलिटरपेक्षा कमी पुरायचं. एवढ्याशा थेंबाने ज्योतीचा वेग वाढत नव्हता, फक्त पुढचं पेट्रोल आधीच भडकणं थांबत होतं. शिसं विषारी, म्हणून आपल्याकडे 2000 पासून ते पेट्रोल बंद झालं. आजच्या ऑक्टेन वाढवणाऱ्या बाटल्यांत शिसं नसतं, पण काम तेच. आपल्या ग्रास कटरचं इंजिन कमी दाबाचं. त्याला टकटकीचा त्रासच नाही, तर औषध कशाला? पैसे पाण्यात.

मग मशीन चालू का होत नाही? बहुतेक वेळा कारण टाकीतलं जुनं पेट्रोल.

आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. हे इथेनॉल ऊस, मका आणि तांदळापासूनही बनतं, म्हणजे आपल्याच जातभाईंचा माल! त्याचं ऑक्टेन चांगलं आहे, ज्योतही मंद नाही. अडचण वेगळी आहे. इथेनॉल जळायला हवा कमी लागते. मोटारीत सेन्सर असतो, तो पेट्रोल वाढवून हिशोब जुळवतो. ग्रास कटरच्या कार्बोरेटरला ते जमत नाही. जेट तेवढाच राहतो, मिश्रणात हवा जास्त होते. अशा मिश्रणात ज्योत हळू सरकते, इंजिन गचके देतं, जास्त तापतं. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणून सकाळच्या गारव्यात चोक थोडा जास्त वेळ ठेवावा लागतो.

दुसरं म्हणजे पाणी. इथेनॉल पाणी ओढतं, आणि आपल्या पालीचा पावसाळा तुम्हाला मी काय सांगू. पाणी हद्दीपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतात, पेट्रोल वर राहतं. टाकीची नळी खालूनच ओढते. टू-स्ट्रोक मशीन असेल तर आणखी वाईट, कारण ऑइल वरच्या थरात राहतं. खालचा थर बिनऑइलचा इंजिनात जातो आणि पिस्टन जाम होतो. कापणीच्या तोंडावर हा खर्च कुणाला परवडेल?

म्हणून आज एवढं करा. टाकीतलं थोडं पेट्रोल स्वच्छ काचेच्या बाटलीत काढा, झाकण लावून रात्रभर सावलीत ठेवा. चूल, बिडी लांब. सकाळी दोन थर दिसले तर ते पेट्रोल हलवून परत वापरू नका. टाकी रिकामी करा, कार्बोरेटरची वाटी आणि जेट साफ करून घ्या, प्लग पुसा. मग महिनाभर पुरेल एवढंच ताजं पेट्रोल आणा. ऑइल किती ते मशीनच्या पुस्तकात पाहूनच घाला. फोर-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल अजिबात नाही. काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवा.

पॉवर टिलरवाल्यांसाठी: डिझेलचा कारभार उलटा आहे. तिथे प्लग नाही, दाबलेल्या गरम हवेत डिझेल आपोआप पेटलं पाहिजे, तेही लवकर. या गुणाला सिटेन म्हणतात. आता मिळणाऱ्या बीएस-6 डिझेलमध्ये ते किमान 51 असतं, टिलरला पुरे. ऑक्टेनची बाटली डिझेलमध्ये ओतली तर पेटायला उशीर होईल, धडधड वाढेल. रॉकेल मिसळलं तर पंपाला वंगण कमी पडतं. आणि डिझेलमध्ये पेट्रोल कधीच नको, टाकीत भडका उडण्याचा धोका असतो.

बाटलीत दोन थर दिसले तर फोटो ग्रुपवर टाका, मशीनचं मॉडेल आणि टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक तेही लिहा. संध्याकाळी सगळ्यांना उत्तर देतो.

तुमचा कृषी सल्लागार, पाली