बंधाची रेघ काय सांगते?

दहावीतल्या कोणत्याही मुलाला मिथेनचा रेणू काढायला सांगा. मधोमध कार्बन, चार बाजूंना चार हायड्रोजन आणि त्यांना जोडणाऱ्या चार रेघा, अशी अधिकच्या चिन्हासारखी आकृती तो झटकन काढील. आकृती बरोबरच आहे. आता त्याला विचारा, "शेजारच्या दोन बंधांमध्ये किती अंशांचा कोन आहे?" बहुधा 'नव्वद' असे उत्तर येईल. प्रत्यक्षात हा कोन सुमारे १०९.५ अंशांचा असतो.

मग आकृती खोटी म्हणायची का? आम्हाला तसे वाटत नाही. कोणता अणू कोणाला आणि किती बंधांनी जोडला आहे, एवढेच ती सांगते. आकार ती सांगतच नाही. तो आपण तिच्यात वाचतो. स्कॉटलंडच्या आर्चिबाल्ड कूपरने १८५८ साली सूत्रांमध्ये अशा रेघा वापरल्या, तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता. एक रेघ म्हणजे दोन अणूंनी वाटून घेतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी, हा अर्थ गिल्बर्ट लुईसने दिला तो १९१६ मध्ये. रेघ आधी आली, अर्थ मागाहून!

आता मिथेनमधल्या दोन हायड्रोजनांच्या जागी दोन क्लोरीन घाला. कागदावर हे दोन प्रकारे जमते. क्लोरीन शेजारी-शेजारी तरी येतात, नाहीतर समोरासमोर. मुले ही दोन वेगळी संयुगे समजतात, आणि आकृतीवर विश्वास ठेवला तर त्यांचे काही चुकत नाही. पण डायक्लोरोमिथेन एकच आहे. रेणू सपाट चौकोनी असता, तर दोन मिळायला हवी होती. कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे वळलेले असतात, असे १८७४ मध्ये नेदरलँड्सच्या व्हान्ट हॉफने आणि फ्रान्सच्या ल बेलने स्वतंत्रपणे मांडले. त्यामुळे हे कोडे सुटले.

वर्गात हे पटवायला मातीचा गोळा आणि खराट्याच्या चार सारख्या काड्या पुरतात. काड्या एकमेकींपासून शक्य तितक्या लांब राहतील अशा खोचा. दोन टोकांना भिजवलेले वाटाणे लावा, उरलेल्या दोन टोकांना हरभरे. आता हे मॉडेल उन्हात धरून भिंतीवर सावली पाडा आणि हळूहळू फिरवा. एका स्थितीत सावलीची फुली होते आणि वाटाणे समोरासमोर येतात. दुसऱ्या एका स्थितीत पुन्हा फुली होते, पण वाटाणे शेजारी असतात. वहीतल्या दोन आकृत्या म्हणजे एकाच रेणूच्या दोन सावल्या.

सावलीत हरवलेली खोली दाखवायला रसायनशास्त्रज्ञ एक संकेत पाळतात. साधी रेघ कागदाच्या पातळीत असते, भरीव पाचर आपल्याकडे येते आणि तुटक रेघांची पाचर कागदामागे जाते. पाचरीचे टोक कार्बनकडे असते. ही निव्वळ हौस नाही. कार्व्होन या संयुगाच्या आकृतीत एका ठिकाणी भरीव पाचरीऐवजी तुटक काढली, की पदार्थच बदलतो. एका कार्व्होनला स्पिअरमिंट पुदिन्याचा वास येतो, तर त्याच्या आरशातल्या प्रतिबिंबासारख्या जुळ्याला कॅरावे या मसाल्याचा.

बेंझीनची गोष्ट थोडी वेगळी. केकुलेच्या षट्कोनात (१८६५) एकाआड एक दुहेरी बंध आहेत. पण मोजले तर सहाही बंध सारखेच, सुमारे ०.१४० नॅनोमीटर लांबीचे भरतात. म्हणून १९२५ मध्ये आर्मिट आणि रॉबिन्सन यांनी षट्कोनात वर्तुळ काढले. त्याचा अर्थ, साऱ्या कड्याने मिळून वाटून घेतलेले सहा इलेक्ट्रॉन. हा अर्थ लक्षात ठेवून डांबरगोळीतल्या नॅफ्थॅलिनकडे पाहा. दोन षट्कोनांत दोन वर्तुळे काढली, तर असे बारा इलेक्ट्रॉन होतात. असतात मात्र दहाच. इथे आम्ही तरी केकुलेच्या दुहेरी रेघाच काढू. पाच दुहेरी बंध, दहा इलेक्ट्रॉन, मोजून घ्या.