काविळीचे गावठी औषध आणि यकृत (लेखांक सहावा)

कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ-हातकणंगल्यापासून राधानगरी-शाहूवाडीपर्यंत, कावीळ झालेल्या माणसाला दवाखान्याच्या आधी किंवा दवाखान्याच्या जोडीने एखाद्या गावी ‘औषधाला’ नेण्याची रीत आजही टिकून आहे. ठरलेल्या वारी, बहुधा अनशापोटी, पाल्याचा रस ताकातून पाजला जातो. देणारा अनेकदा पैसे घेत नाही, फार तर नारळ ठेवायला सांगतो, आणि तेलकट, मटण, मासळी बंद करण्याचे पथ्य घालतो. या निरपेक्षपणामुळेच लोकांचा विश्वास बसतो, म्हणून देणाऱ्याच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. तपासायचे आहे ते औषध, आणि त्याआधी आजार.

कावीळ हा स्वतंत्र रोग नसून ते लक्षण आहे. रक्तातील जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते, यकृत ते पित्तात मिसळून आतड्यात सोडते, आणि या वाटेत कोठेही अडथळा आला की ते रक्तात साचून डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागतो. अडथळ्याची कारणे मात्र अगदी वेगवेगळी असतात. दूषित पाण्यातून पसरणारे हेपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू, रक्तावाटे पसरणारे बी आणि सी, दारू, पित्तनलिकेत अडकलेला खडा, स्वादुपिंडाची गाठ, चिखलात काम करताना होणारा लेप्टोस्पायरोसिस, या सर्वांत डोळे सारखेच पिवळे होतात आणि उपचार मात्र प्रत्येकाचा निराळा असतो.

इचलकरंजीत 2012च्या उन्हाळ्यात काविळीची जी मोठी साथ आली, ती हेपॅटायटिस ईची, म्हणजे पंचगंगेच्या काठी पिण्याच्या पाण्यात मैला मिसळण्याशी जोडलेल्या आजाराची होती. या विषाणूला बहुतेक निरोगी माणसांचे शरीर स्वतःच आवरते आणि दोन ते सहा आठवड्यांत कावीळ उतरते. त्यामुळे या काळात पाल्याचा रस घेतलेला, उसाचा रस प्यायलेला आणि काहीच न घेतलेला, असे तिघेही सारखेच बरे होतात, पण गुण येतो तो ज्याने जे घेतले त्याच्या नावावर जमा होतो. काविळीच्या गावठी औषधाची कीर्ती मुख्यतः येथून आलेली आहे. उसाच्या रसाबाबत एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे: त्यातून शक्ती मिळते हे खरे, परंतु उघड्या गाड्यावरचा, अशुद्ध बर्फ घातलेला रस हाच कावीळ पसरण्याचा मार्ग ठरू शकतो.

आपोआप बरे होणाऱ्या आजारात निरुपद्रवी औषधाने नुकसान होत नाही, हा युक्तिवाद अनेक सुशिक्षितही करतात, आणि तो दोन ठिकाणी मोडतो. पहिले ठिकाण म्हणजे वेळ. हेपॅटायटिस ई गर्भवतीला शेवटच्या तिमाहीत झाल्यास मृत्यूचे प्रमाण 20 ते 25 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. लेप्टोस्पायरोसिसमध्ये प्रतिजैविक पहिल्या काही दिवसांत मिळणे निर्णायक असते. खड्याने तुंबलेली पित्तनलिका मोकळी करावीच लागते. अशा रुग्णाचे तीन रविवार औषधाच्या वाऱ्यांत गेले, तर ते कोणत्याही पथ्याने भरून निघत नाहीत. हातांना वनस्पतीचा रस चोळून ते चुन्याच्या निवळीत धुवायला लावण्याचा प्रकारही याच वर्गातला आहे: रसातील द्रव्ये चुन्याच्या अल्कधर्मी पाण्यात पिवळी पडतात, निरोगी माणसाचे हात तसेच धुतले तरी पाण्याला तोच रंग येतो, पण ‘कावीळ उतरली’ असे डोळ्यांनी पाहिलेला रुग्ण रक्ततपासणीला जात नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे औषध निरुपद्रवी असल्याचे गृहीतक. देवडांगरीच्या कडू फळाचा अर्क नाकात सोडला की पिवळे पाणी वाहते आणि कावीळ बाहेर पडली असे मानले जाते. प्रत्यक्षात ती नाकाच्या आतील नाजूक त्वचेची तीव्र जळजळ असते आणि त्यातून रक्तस्रावही होतो. भुईआवळीची गोष्ट अधिक गंभीरपणे घेण्याजोगी आहे. मद्रासच्या त्यागराजन आणि हेपॅटायटिस बी विषाणूच्या शोधासाठी नोबेल मिळालेले ब्लूमबर्ग यांनी सहकाऱ्यांसह 1988 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, दीर्घकाळ बी विषाणू बाळगणाऱ्यांपैकी भुईआवळीचे चूर्ण घेतलेल्या 59 टक्के लोकांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली, तर नकली गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण 4 टक्के होते. हा निष्कर्ष थक्क करणारा होता, पण नंतरच्या चाचण्यांत तो पुन्हा मिळाला नाही. शिवाय ती चाचणी बी विषाणूची होती. तिचा आधार घेऊन पाण्यातून आलेल्या काविळीवर चूर्ण विकणे हा वाचकाच्या अज्ञानाचा गैरफायदा आहे.

कोविडच्या काळात घरोघरी उकळलेला गुळवेलीचा काढा हा या प्रश्नाचा सर्वांत बोलका दाखला होय. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी 2021 मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. केंद्रीय आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेऊन, गुळवेलीऐवजी तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात वापरली गेली असावी, असे म्हटले. हा मुद्दा क्षुल्लक नव्हता, कारण बांधावरच्या कडुनिंबावरून वेल तोडताना हृदयाच्या आकाराचे पान एवढीच खूण पाहिली जाते, आणि तशी पाने त्याच कुळातील इतर वेलींनाही असतात. तथापि 2022 मध्ये देशातील 13 केंद्रांतील 43 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात खऱ्या गुळवेलीकडेच बोट गेले. प्रतिकारशक्ती चेतवणे हा जो गुण म्हणून सांगितला जातो, तोच काही शरीरांत उलटतो आणि चेतलेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर चाल करते. थायरॉइडचा किंवा तत्सम स्वयंप्रतिकार आजार असलेल्यांना हा धोका अधिक संभवतो. बहुतेक रुग्ण काढा थांबवल्यावर सावरले, काहींना स्टेरॉइड द्यावे लागले.

हळदीलाही हाच न्याय लागू पडतो. सांगलीच्या बाजारातून कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात येणारी हळद आमटीत किंवा दुधात चिमूटभर पडते आणि तिच्यातील कर्क्युमिन हे द्रव्य रक्तात फारसे पोहोचतच नाही. कॅप्सूलमध्ये मात्र ते गाळून एकवटलेले असते, त्यात मिरीतील पायपरिन मिसळतात, आणि 1998च्या बंगळूरच्या एका प्रयोगात या जोडीने कर्क्युमिनचे शोषण सुमारे 20 पट वाढलेले आढळले. अमेरिकेत 2022 मध्ये नोंदलेल्या, हळदीच्या पूरक गोळ्यांनी यकृत बिघडलेल्या 10 रुग्णांपैकी सात जणांत एकच विशिष्ट जनुकप्रकार सापडला. म्हणजे शेजाऱ्याला मानवलेली कॅप्सूल आपल्यालाही मानवेल, असे गृहीत धरता येत नाही.

म्हणून डोळे पिवळे दिसताच बिलिरुबिन, एसजीपीटी आणि रक्त गोठण्याचा वेळ, या तपासण्या करून घ्याव्यात. गुंगी, असंबद्ध बोलणे, सततची उलटी किंवा हिरड्यांतून रक्त दिसल्यास एक दिवसही न थांबता रुग्णालयात जावे. घेतलेला पाला, पुडी किंवा डबी डॉक्टरांसमोर ठेवावी, आणि डॉक्टरांनीही न रागावता तिची नोंद केसपेपरवर करावी. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी केंद्रीय योजना आता अस्तित्वात आहे, परंतु गावच्या ओसरीवर पाजलेल्या रसाला ना वेष्टन असते ना घटकांची यादी. त्यामुळे केसपेपरवरची ती एक ओळ लिहिली गेली नाही, तर यकृत कशाने बिघडले याचा माग पुढे कोणालाही काढता येत नाही.