नासी लेमाक: नारळाच्या दुधातला भात आणि त्यातली न दिसणारी मासळी

आजचा भाग ऐकण्याआधी काहीतरी खाऊन घ्या, नाहीतर मध्येच पॉज करून किचनमध्ये जाल.

तर, शनिवारची सकाळ, आठ वाजलेत. मी क्वालालंपूरच्या शेजारच्या पेटालिंग जयामध्ये, दामनसारा उतामा भागात, ‘व्हिलेज पार्क’ नावाच्या रेस्टॉरंटबाहेर रांगेत उभा आहे. पुढे शाळकरी मुलं, ऑफिसवाले, एक अख्खं कुटुंब आजी-आजोबांसकट. सगळे एकाच गोष्टीसाठी आलेत: नासी लेमाक. मलेशियातला सगळ्यांचा लाडका नाश्ता. आपल्याकडे पोहे जसे, तसं. फक्त हा नाश्ता पोह्यांपेक्षा बराच जड.

नासी म्हणजे भात. लेमाक म्हणजे स्निग्ध, चरबट. तांदूळ नारळाच्या दुधात शिजवायचा, सोबत मीठ, आल्याचा तुकडा आणि पांदानच्या पानांची गाठ. हे पांदान आपल्याला अगदी परकं नाही. नर्सरीत ‘अन्नपूर्णा’ किंवा ‘बासमतीचं झाड’ म्हणून मिळतं ना, तेच. बासमतीला आणि आपल्या आंबेमोहोराला जो वास येतो, त्यातलं मुख्य रसायन या पानातही असतं. त्यामुळे ताट समोर आलं की पहिल्या सेकंदाला घरचा वास येतो, आणि दुसऱ्या सेकंदाला कळतं की हे आपलं घर नाही.

आपला नारळी भात आठवा. तांदूळ तोच, नारळ तोच. आपण गूळ घातला आणि तो सणाचा झाला, मलय लोकांनी मीठ घातलं आणि तो रोजचा झाला. विन्स्टेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मलय लोकांच्या राहणीवर लिहिलेल्या 1909 च्या पुस्तकात या भाताचा उल्लेख आहे, म्हणजे शंभर वर्षांहून जुना मामला. आणि डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने मलेशियाची नाश्त्याची संस्कृती अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. त्यात नासी लेमाक आहे, रोटी चनाई आहे, तेह तारिकसुद्धा आहे. नाश्त्याला वारसा म्हणणारे लोक मला आवडतात!

ताटात काय काय असतं? मध्ये भाताची मूद. बाजूला तळलेले शेंगदाणे, काकडीच्या चकत्या, उकडलेलं अंडं, तळून कुरकुरीत केलेले छोटे मासे, ज्यांना ‘इकान बिलिस’ म्हणतात. व्हिलेज पार्कमध्ये लोक मुख्यतः तळलेल्या चिकनसाठी येतात. मसाला मुरवलेला, वर मसाल्याचाच कुरकुरीत चुरा. छानच असतं. पण माझं मत विचाराल तर चिकन ही नंतरची गोष्ट. भात सुटा हवा आणि सांबाल चांगलं हवं, बस. ही दोन नीट नसली तर चिकनने काही वाचत नाही.

आता सांबाल. हीच आजची खरी गोष्ट आहे.

सांबाल म्हणजे लाल, किंचित गोडसर, तिखट चटणी. सुक्या मिरच्या भिजवून, छोटे कांदे आणि लसूण घालून वाटायच्या, मग भरपूर तेलात मंद आचेवर परतायच्या, तेल सुटेपर्यंत. मलयमध्येही याला ‘तेल फुटणं’ अशाच अर्थाचा शब्द आहे, ‘पचाह मिन्याक’. चिंच आणि थोडी साखर किंवा माडाचा गूळ. ऐकायला अगदी शाकाहारी, हो ना? मलाही तसंच वाटलं होतं.

दोन वर्षांपूर्वी, नवीन नवीन आलो होतो तेव्हा, माझा रूममेट साताऱ्याचा. गळ्यात तुळशीची माळ. ऑफिसजवळच्या एका टपरीवर मी त्याला म्हटलं, “अरे, अंडं आणि मासे बाजूला काढ, बाकी सगळं व्हेज आहे, बिनधास्त खा.” त्याने खाल्लं, आवडलं, चटणी परत मागून घेतली. तिसऱ्या दिवशी ऑफिसमधल्या मलय सहकाऱ्याने सहज सांगितलं की सांबालमध्ये बेलाचान असतंच. बेलाचान म्हणजे बारीक कोळंबी मीठ लावून, आंबवून, वाळवून केलेला गोळा. कोकणातल्या मंडळींना वास लगेच ओळखू येईल, आपल्या जवळ्याचा थोरला भाऊ. शिवाय पुष्कळ जण सांबालमध्येच इकान बिलिसही टाकतात.

मी त्याला सांगितलं. लपवता आलं असतं, पण नाही जमलं. तो काहीच बोलला नाही. दोन दिवस जेवला नाही. मला म्हणाला, “तू विचारायला हवं होतंस.” टपरीवालीची चूक नव्हतीच, तिला कोणी विचारलंच नव्हतं.

आम्ही कोडवाले याला लपलेली डिपेंडन्सी म्हणतो. वरून फंक्शन साधं दिसतं, आत कोण काय इंपोर्ट करतंय पत्ता नाही. तर इकडे येणाऱ्या शाकाहारी लोकांनो, दोन वाक्यं पाठ करा. “आदा बेलाचान?” म्हणजे बेलाचान आहे का. “आदा इकान बिलिस?” म्हणजे छोटे मासे आहेत का. ‘आदा’ म्हणजे आहे, ‘ताक आदा’ म्हणजे नाही. नुसतं “व्हेज?” विचारू नका, समोरच्याला ‘मटण-चिकन नको’ एवढंच कळू शकतं. आणि एकाच कढईत सगळं तळलं जातं, तेही चालत नसेल तर चिनी बौद्ध शाकाहारी हॉटेलं शोधा, तिथे बेलाचानशिवायचं नासी लेमाक मिळतं.

मांसाहारी मंडळींसाठी: केळीच्या पानात बांधलेली छोटी पुडी मागा, ‘बुंगकुस’. पानाच्या उबेत भाताचा वास वेगळाच लागतो. आणि लवकर जा, उशिरा गेलात तर रांग वाढते.

रूममेट आता इपोहला असतो. मागच्या महिन्यात फोन आला, म्हणाला, तिकडच्या टपरीवालीला विचारलं, “आदा बेलाचान?” ती हसून म्हणाली, “आदा!” मग तिने त्याला नुसता भात, शेंगदाणे आणि दुप्पट काकडी पुडीत बांधून दिली. लिंबाचं लोणचं तो घरून घेऊन गेला होता.