मयताच्या नोंदीमागे एक दिवस

सकाळी 7

पहिला फोन म्हाताऱ्या माणसाला, आणि तोही सकाळीच. दुपारी त्यांचा डोळा लागतो, संध्याकाळी मालिका सुरू होतात. आजचा फोन ठाण्याच्या एका गृहस्थांच्या आत्याला. वय 88, मुक्काम नाशिक जिल्ह्यातलं एक खेडं. गृहस्थांना पणजी शोधायची आहे. आजोबा तान्हे असताना ती गेली, एवढंच घरात माहीत. नाव नाही, साल नाही. भिंतीवर फोटो आहे तो पणजोबांच्या दुसऱ्या बायकोचा.

"आत्या, तुमच्या आजीचं पितरांत पान कधी वाढायचे?"

"अविधवा नवमीला की. सवाष्ण गेली ना ती."

इथेच बायका हातून निसटतात. पुरुषाचा महालय त्याच्या तिथीला होतो, म्हणून साल विसरलं तरी तिथी घरात टिकते. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं पान भाद्रपद वद्य नवमीला, घरातल्या बाकीच्या सवाष्णींबरोबर. वर्षश्राद्ध करणारं कोणी उरलं नाही की तिची स्वतःची तिथी संपली. अशा वेळी मी तारीख विचारतच नाही. साथ, दुष्काळ, पूर, सण यांच्या आसपास फिरत राहते. आत्याबाई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मानमोडीत गेली म्हणायचे आमचे बापू. कोजागरी झाली, मग चार दिवसांनी संकष्टी आली, त्या दिवशी. चंद्र उगवायच्या आत गेली. घरात कोणाचा उपास सुटला नाही बघ."

यापेक्षा जास्त काय हवं? मानमोडी म्हणजे 1918ची इन्फ्लुएन्झाची साथ. मुंबई इलाख्यात तिने सर्वांत जास्त माणसं नेली ती त्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे शके 1840, आश्विन वद्य चतुर्थी. शकात 78 मिळवले की इसवी सन येतं. जानेवारी ते गुढीपाडवा या दिवसांसाठी 79 मिळवायचे. जुन्या पंचांगात ही चतुर्थी ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यात येते. घराला तिथी ठाऊक असते आणि सरकारला तारीख. माझं निम्मं काम या दोघांची गाठ घालून देण्याचं.

सकाळी 10

तालुक्याची कचेरी. अर्जात गावाचं नाव, सालांचा पल्ला आणि 'कोतवाल बुक' हे शब्द ठळक लिहायचे. "जुने रेकॉर्ड मिळावे" असा मोघम अर्ज केला की तो टेबलावरच मुरतो. फी भरायची, पावती जपायची आणि रेकॉर्ड रूमच्या कारकुनाशी गोडीने बोलायचं. जुन्या वह्यांचं गाठोडं, म्हणजे रुमाल, कोणत्या घोडीवर आहे हे त्यालाच माहीत असतं.

पूर्वी या खोलीत मी एकटीच असायची. 2023 साली कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि खोलीचे दिवस पालटले. वर्षानुवर्षं न सुटलेले रुमाल सुटले, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी गेली, पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. पण चढली ती मुख्यतः कुणबी नोंद असलेली पानं. बाकी पानांसाठी अजूनही रुमालच सोडावा लागतो. आजही बाकावर माणसं बसली आहेत. सगळ्यांची बोटं जातीच्या रकान्यावर, माझं बोट मयताच्या तारखेवर.

कोतवाल बुक म्हणजे सरकारी भाषेत गाव नमुना नंबर 14, जन्म-मृत्यूचं रजिस्टर. कोतवाल गावात फिरून खबर आणायचा, आणि लिहिणं पाटील-कुलकर्ण्यांच्या हाताने व्हायचं. तारीख, नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, वय, मृत्यूचं कारण. लिपी मोडी. शब्द सुटे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. 'बिन' दिसलं की मुलगा, 'कोम' दिसलं की बायको, या दोन खुंट्यांवर ओळ टांगायची आणि मग नावं सोडवत बसायचं. तान्ही पोरं पुष्कळदा बेनावच गेलेली असतात. 'मुलगी', पुढे बापाचं नाव, बस.

कारणाचा रकाना वाचायला वेगळी तयारी लागते. पटकी, देवी, हगवण, ताप. त्यात 'ताप' म्हणजे काहीही. लिहिणारा वैद्य नव्हता. अंग तापलं आणि माणूस गेला, एवढं त्याने पाहिलेलं असतं. त्यामुळे 1918च्या ऑक्टोबरात 'इन्फ्लुएन्झा' हा शब्द शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तिथे शोधायची ती गर्दी. एरवी या गावाचा महिना अर्ध्या पानात आटोपतो. त्या ऑक्टोबरात पानामागून पान भरलं आहे, एका आडनावाच्या ओळी एकाखाली एक येतात, आणि मधेच अक्षर बदलतं. आधीचा लिहिणारा अंथरुणाला खिळला की कायमचा गेला, ते वही सांगत नाही. नवीन हात वळणदार नाही, घाईचा आहे, आणि त्याने वयं सरसकट पाचाच्या पटीत लिहिली आहेत, 20, 25, 30.

दुपारी 12

त्याच घाईच्या अक्षरात ती सापडली. तारीख संकष्टीच्या दुसऱ्या दिवसाची. मृत्यूची तारीख आणि खबर लिहिल्याची तारीख यांत साथीच्या दिवसांत एक-दोन दिवसांचं अंतर पडणारच, म्हणून नुसत्या एका दिवसाच्या फरकावरून नोंद नाकारू नये. कारण ताप, वय 25. 'कोम' स्पष्ट, पुढे पणजोबांचं आणि त्यांच्या बापाचं नाव स्पष्ट. 'कोम'च्या आधीची जागा, जिथे तिचं नाव असणार, तिथे कसरीने भोक पाडलेलं.

मी तशाच नकलेसाठी अर्ज दिला. गृहस्थांना लगेच कळवायचा मोह टाळला. एका गावात एकाच नावाचे दोन चुलतभाऊ असणं ही रोजची गोष्ट. एका कागदावर वंशवृक्षाची फांदी जोडायची नाही, हा माझा नियम.

दुपारी 1.30

डबा. कचेरीच्या आवारातल्या लिंबाखाली बसलं की लोक येऊन आपापल्या घराची कथा सांगतात आणि मी जेवता जेवता सल्ले देते. सगळ्यांना पहिला सल्ला तोच: आधी फेरफार काढा. खातेदार मेला की वारसाची नोंद होते, आणि त्या नोंदीत 'अमुक तारखेस मयत, त्यास वारस' म्हणून मुलं, मुली, विधवा असे नात्यासकट लिहिलेले असतात. जिथे मृत्यूची वही हरवली तिथे फेरफारच मृत्यूचा दाखला. अट एकच, मेलेल्याच्या नावावर जमीन हवी. पणजीच्या नावावर काहीच नव्हतं, त्यामुळे तिच्यासाठी हा रस्ता बंद. भूमिहीनांच्या घरांनाही तो बंदच.

दुपारी 2.30

वाटेवरच्या एका ग्रामपंचायतीत दुसऱ्या घराचं काम. 1974 साली गेलेल्या आजोबांची नोंद गावात 'आढळत नाही', म्हणून नातू हवालदिल. 1969चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा महाराष्ट्रात 1 एप्रिल 1970 पासून लागू झाला. त्या कायद्याने नोंद होते ती मृत्यू जिथे घडला तिथे. माणूस कुठे राहत होता याला महत्त्व नाही. आजोबा गेले शहरातल्या दवाखान्यात, तर नोंद शहरात. गावाने 'नोंद आढळत नाही' असा दाखला दिला तर त्याचा अर्थ एवढाच की इथे नाही, दुसरीकडे बघा. नातवाला शहराचा रस्ता दाखवला. त्याला आजोबांचा आजारही जाणून घ्यायचा होता. ते मात्र या उताऱ्यातून कळणार नाही. आजचा कायदा उताऱ्यात मृत्यूचं कारण उघड करू देत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या कोतवालाच्या वहीत ते सरळ लिहिलेलं असतं, आणि पन्नास वर्षांपूर्वीचं झाकलेलं.

दुपारी 4.30

नाशिक, पंचवटी. रामकुंडावर आलं की गाव आणि आडनाव सांगायचं. अमुक गावाचे उपाध्ये कोण हे घाटावर दोन ठिकाणी विचारलं की कळतं. घराणी आणि गावं त्यांच्यात वाटलेली आहेत. अस्थी घेऊन आलेला, दशक्रियेला आलेला, नुसता यात्रेला आलेला यजमान वहीत आपली पिढी सांगून, सही करून गेलेला असतो. पुढच्या पिढीतला कोणी आला की आधीचा लेख वाचून दाखवतात आणि त्याखाली नवा लिहितात. वही परक्याला दाखवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मी गृहस्थांचं पत्र आणि आत्याबाईंचा फोन, दोन्ही तयारीने आले होते. गुरुजींनी आत्याबाईंशी बोलून खात्री केली, मग वही उघडली.

पणजोबा आपल्या आईच्या अस्थी घेऊन आले होते, साथीनंतर काही वर्षांनी. लेखात बाप, आजा, भाऊ, मुलगा. आणि पुढे 'प्रथम कुटुंब', तिचं नाव, 'मयत'. त्याखाली 'द्वितीय कुटुंब' आणि तिचं नाव. पुढच्या पानावर पहिलीचा मुलगा, म्हणजे गृहस्थांचे आजोबा, मोठे होऊन आलेले. त्यांनी आईचं तेच नाव सांगितलं आहे आणि आजोळच्या गावाचं नावही. ज्या आईला त्यांनी कळत्या वयात पाहिलंच नाही, तिचं माहेर त्यांनी वहीत न चुकता लिहवून घेतलं. गुरुजींनी दोनदा वाचलं, मी दोनदा उतरवून घेतलं. नाव इथे देत नाही. ते आधी त्या घरात जायला हवं.

संध्याकाळी 6.30

वाचनालयात जुन्या वृत्तपत्रांच्या बांधीव फायली. निधनवार्ता शोधणारे लोक मृत्यूच्या दुसऱ्या दिवसाचा अंक बघतात आणि निराश होतात. दहाव्या-तेराव्यापर्यंतचे अंक बघावेत, आणि मग पहिल्या पुण्यतिथीचा. पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, जावई, नातवंडे असा परिवार, ही ठरीव ओळ कोणी मनावर घेत नाही. मी तीच आधी वाचते, कारण त्या दिवशी कोण हयात होतं ते तिच्यात असतं. घरोघरी ट्रंकेत जपलेल्या कात्रणांवर मात्र तारीख नसते. 'दशक्रिया विधी बुधवारी रामकुंडावर' म्हणजे कोणत्या सालचा बुधवार? असं कात्रण उलटं करावं. मागच्या बाजूला सिनेमाची जाहिरात, बाजारभाव, निवडणुकीची बातमी असते, त्यावरून साल लागतं.

पेपरात सामान्य माणसाचं निधन येऊ लागलं ते फार अलीकडे. 1918च्या खेड्यातल्या सुनेसाठी पेपर चाळण्यात अर्थ नाही.

रात्री 9

टिपणं पक्की करायची वेळ. प्रत्येक ओळीसमोर कुठल्या वहीत, कुठल्या पानावर, कोणी वाचलं. अहिल्यानगरकडच्या (पूर्वीचं अहमदनगर) एका ख्रिस्ती कुटुंबाचा मेल होता. त्यांना चर्चची दफन नोंदवही आणि 1842 पासून निघणाऱ्या 'ज्ञानोदया'चे जुने अंक बघा म्हणून कळवलं. मग ठाण्याला फोन. गृहस्थ म्हणाले, "नाव परत सांगा." सांगितलं. आजोळचं गावही सांगितलं. आता त्या गावात मामांच्या घराण्याचा माग काढायचा, पण तो पुढच्या आठवड्यात.

वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. घरात कोणी गेलं की पेपरात जी चार ओळींची निधनवार्ता देता, तिच्यात सालासकट तारीख घाला. गेलेली बाई असेल तर तिचं माहेरचं नाव, आडनाव आणि गाव घाला, आणि घाटावरच्या वहीत लिहिताना लेकी-सुनांचीही नावं सांगा.