वनस्पतींची घडण (लेखांक सातवा) : डाळ, चुना आणि सूर्यफूल

अक्कलकोट तालुक्यातील ज्या गावांत विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी जड आहे, तेथे तुरीचे वरण शिजण्यासाठी गृहिणींना किती खोळंबावे लागते, हे सांगावयास नको. परंतु या खोळंब्याचे कारण बहुधा डाळीच्या प्रतीत किंवा जळणात नसून, पाण्यात विरघळलेला कॅल्शियम आणि डाळीतील पेक्टिन यांच्या संयोगात असते. गेल्या लेखांकात आपण सेल्युलोज पाहिले; आता पेक्टिन पाहू. दगडी वाड्याच्या दरजांत चुना भरावा, तसे पेक्टिन दोन पेशींच्या मधल्या पटलात भरलेले असते, आणि त्याच्या दीर्घ शृंखलांना कॅल्शियम एकमेकींशी बांधून टाकतो. डाळ शिजते म्हणजे हे बंध सुटून पेशी विलग होतात. जड पाणी तेच बंध पुन्हा आवळते. चिमूटभर सोड्याने डाळ लवकर मऊ होते खरी, पण त्यात ब१ जीवनसत्त्वाचा नाश होतो, म्हणून पाणी आधी उकळून, निववून व गाळून घेणे अधिक श्रेयस्कर.

वोकलँ या फ्रेंच रसायनज्ञाने १७९० साली पेक्टिन हे द्रव्य प्रथम ओळखले आणि १८२५ साली ब्राकोनोने त्याचे नामकरण केले. कारखान्यांतून ते मुख्यत्वे लिंबूवर्गीय फळांच्या सालींपासून व सफरचंदाच्या चोथ्यापासून काढतात. या नेहमीच्या पेक्टिनची जेली जमण्यास आम्ल आणि शेकडा ६५च्या आसपास साखर लागते. सूर्यफुलाचे पेक्टिन निराळ्या जातीचे आहे: ज्या कॅल्शियमने डाळ अडते, त्याच्याच साहाय्याने ते थोड्या साखरेतही घट्ट होते, आणि मधुमेहाने ग्रासलेल्या आजच्या समाजात या गुणाचे मोल लहान नाही. १९६९च्या सुमारास रशियन वाणांच्या रूपाने सूर्यफुलाचे पीक भारतात व्यापारी प्रमाणावर आले, सोलापूर जिल्ह्याने ते आपलेसे केले, आणि पुढे पेरा घटला तरी ते अद्याप नाहीसे झालेले नाही. बी झोडून घेतल्यावर उरणारी कणसे मात्र गुरांपुढे टाकली जातात किंवा जाळली जातात, वस्तुतः वाळलेल्या कणसात पेक्टिनचे प्रमाण शेकडा १५ ते २५पर्यंत आढळलेले आहे.

वैद्यकातही पेक्टिनचा अभ्यास चालू आहे. आपले पाचकरस त्याचे विघटन करू शकत नाहीत, मोठ्या आतड्यातील जंतू करतात. म्हणूनच औषध थेट तेथवर पोचविण्यासाठी त्याचे वेष्टन वापरण्याचे प्रयोग झाले. ढाक्याच्या संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दीर्घकाळ अतिसार जडलेल्या बालकांना भाताच्या आहारात कच्चे केळे किंवा पेक्टिन दिल्यावर स्पष्ट गुण आला. रोज ६ ग्रॅम पेक्टिन घेतल्यास रक्तातील कोलेस्टेरॉल योग्य मर्यादेत राहण्यास मदत होते, हेही युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मान्य केले आहे. कर्करोगावरील औषध म्हणून मात्र ते विकत घेण्याइतका पुरावा आज नाही, आणि तशा जाहिरातींवर कोणी विश्वासू नये.

तालुक्यातील सहकारी संस्थांना व कृषी विद्यार्थ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की, येत्या सुगीत सूर्यफुलाची काही पोती कणसे झोडणीनंतर तत्काळ वाळवून, बुरशी लागण्यापूर्वीच, प्रयोगशाळेकडे पेक्टिनच्या तपासणीसाठी धाडण्याची तजवीज त्यांनी करावी.