प्रकल्प-नेतृत्व : पाच साधे नियम आणि ते पाळवून घेणारी माणसे

अतिदक्षता विभागात आपल्या रुग्णाच्या मानेजवळ किंवा गळ्याच्या हाडाखाली बसविलेली नळी अनेक नातेवाइकांनी पाहिली असेल. तिला 'सेंट्रल लाइन' म्हणतात. तिच्यामुळे औषधे थेट मोठ्या रक्तवाहिनीत पोहोचतात. परंतु याच वाटेने जंतू रक्तात शिरले तर रुग्ण दगावण्याचा धोका असतो. हा संसर्ग आटोक्यात आणणाऱ्या एका प्रकल्पाची माहिती आम्ही येथे देत आहोत, कारण तिच्यात वैद्यकाइतकाच नेतृत्वाचाही भाग आहे.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात २००३ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांच्या मार्गदर्शनाखाली 'कीस्टोन' प्रकल्प सुरू झाला. नियम पाचच होते. हात स्वच्छ धुणे, क्लोरहेक्सिडीनने त्वचा निर्जंतुक करणे, टोपी-मास्क-गाऊन घालून रुग्णास पूर्ण निर्जंतुक आच्छादन देणे, शक्यतो जांघेतील जागा टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. यांत नवे काहीच नव्हते. प्रत्येक डॉक्टरास हे ठाऊक होते. घाईगर्दीत एखादे सुटत असे, एवढेच.

म्हणूनच प्रकल्पाचा भर माणसांवर होता. प्रत्येक विभागात एक डॉक्टर व एक परिचारिका असे जोडीने नेतृत्व नेमले गेले. लागणारे सर्व साहित्य एकाच ट्रॉलीत ठेवले, म्हणजे शोधाशोधीच्या निमित्ताने नियम मोडणार नाही. संसर्गाचे आकडे त्या त्या विभागास नियमित कळविले गेले. आणि तातडीचा प्रसंग नसेल, तर नियम मोडलेला दिसताच डॉक्टरांना थांबविण्याचा अधिकार परिचारिकेस मिळाला.

हा शेवटचा अधिकार कागदावर देणे सोपे आहे. आपल्याकडे एखाद्या तरुण सिस्टरने ज्येष्ठ सर्जनना "सर, जरा थांबा" म्हणणे किती अवघड, हे रुग्णालयात काम केलेल्या कोणासही सांगावयास नको. तिच्या पाठीशी व्यवस्थापन उभे राहील, हे डॉक्टरांसमक्ष आधीच सांगितलेले असेल तरच ती बोलते. आमच्या मते प्रमुखाची खरी कसोटी येथेच लागते.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत १०३ अतिदक्षता विभागांचा समावेश होता. दर हजार नळी-दिवसांमागे (एका रुग्णास एक दिवस नळी, तो एक नळी-दिवस) संसर्गाचे सरासरी प्रमाण ७.७ होते, ते सोळा ते अठरा महिन्यांनी १.४ वर आले.

मात्र सर्व श्रेय नियमांच्या यादीस देऊ नये. इंग्लंडमध्ये २००९ ते २०११ या काळात असाच कार्यक्रम राबविला गेला, तेव्हा संसर्ग घटला खरा. पण कार्यक्रमात अद्याप सामील न झालेल्या विभागांतही तो घटतच होता. यादी भिंतीवर लावली म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

देणगीदारांना यंत्रसामग्री दिसते, ट्रॉली दिसत नाही. तरी निर्जंतुक चादरी व द्रावण यांचा साठा कधीही न संपणे हे विश्वस्तांच्याच हातात असते. रुग्णांच्या नातेवाइकांना आमची विनंती एवढीच, की भेटीच्या वेळी "ही नळी आज अजून लागणार आहे का?" असे डॉक्टरांना किंवा सिस्टरना नि:संकोच विचारावे.